हिरवा दिवा आणि ओली पोती

मी एक जुनी बॅटरी आहे.

मित्रांनो, हे वाक्य जरा जपून ठेवा. पुढे ते पुन्हा येईल. तेव्हा ते माझे नसेल, एका माणसाचे असेल.

आता माझा जन्म सांगायला हवा. सगळे तिथूनच सुरू करतात. पण त्यात सांगण्यासारखे फार नाही. शिसे वितळवले, त्याच्या जाळ्या ओतल्या, जाळ्यांना लेप दिला, सहा खणांच्या काळ्या डब्यात त्या उभ्या केल्या आणि वरून आम्ल ओतले. मग एका माणसाने मला पहिल्यांदा वीज पाजली, झाकणावर बोटाने टकटक केले आणि तो पुढच्या बॅटरीकडे गेला. कोणी पाळणा हलवला नाही.

वीज पोटात गेली तेव्हा मात्र एक गोष्ट कळली. आपण भरतो आणि आपण रिकाम्या होतो. दगडाला हे कळत नाही. रांजणाला कळत असेल.

बॅटऱ्या दोन स्वभावांच्या असतात. एक इंजिनाची. ती एका झटक्यात सगळा जोर लावते, इंजिन उठवते आणि मग इंजिन तिला लगेच परत भरवते. तिचे आयुष्य बरे. दुसरी घराची. ती हळूहळू देते, तासन्‌तास देते, आणि तिला कोण कधी भरवील याचा नेम नसतो. मी घराची.

पण माझे घर चालते होते. एका मिनीबसच्या खुर्च्या काढून कोणीतरी आत पलंग ठोकला, ओटा केला, नळ बसवला, छोटा फ्रिज ठेवला. टपावर सौर पट्टी आडवी बसवली. पलंगाखालच्या पेटीत मला ठेवले. आम्ही झरी जामणीकडच्या जंगलाकाठी उभ्या राहायचो. शहरातून माणसे यायची, मोरांचे फोटो काढायची आणि भर दुपारी थंड सरबत पिऊन म्हणायची, "वा, जंगलात बर्फ." ही माझी स्तुती. माझे नाव त्यात नव्हते, पण मी ती घेतली.

बर्फ कुठून येतो हे कोणी विचारले नाही. माझ्या खणांतले पाणी आटत होते. पावसाळी दिवसांत ऊन नसायचे, गाडी जागची हलायची नाही, तरी फ्रिज चालू, मिक्सर चालू, गाणी चालू. मी तळाला जायचे. शिशाच्या बॅटरीने अर्ध्याच्या खाली जाऊ नये. गेली की तिच्या पत्र्यांवर पांढरा थर धरतो. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने पातेल्याला धरतो ना, तसा. पातेले घासता येते. मला घासता येत नाही.

म्हणून मी म्हणते, मी एक जुनी

थांबा. अजून वेळ आहे.

पर्यटकांचा धंदा बसला. गाडीच्या चाकांत गवत वाढले. आणि एके दिवशी फुलसावंगीजवळच्या एका तांड्यातला ड्रायव्हर, जीवन, येऊन गाडीभोवती फिरला. त्याने बॉनेट नाही, आधी पलंगाखालची पेटी उघडली. माझ्यावरची धूळ फुंकली. इतक्या वर्षांत माझ्यावर कोणी फुंकर घातली नव्हती.

त्याला गाडी फिरायला नको होती. त्याला ती बापासाठी हवी होती.

बापाचे नाव फकिरा. त्याने आयुष्य जिनिंगमध्ये काढले. कापसाची बारीक धूळ छातीत जाऊन बसली आणि आता तिथे हवेला जागा नव्हती. दिवसरात्र नाकाला नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनचे मशीन. मशीनला वीज लागते. म्हणून फकिरा भिंतीतल्या प्लगला बांधलेला. आणि शंभरेक किलोमीटरवर, नेरकडच्या एका तांड्यात, त्याची धाकटी बहीण सुखीबाई खाटेला बांधलेली. ती पडली होती, मांडीचे हाड मोडले होते, ते नीट जुळले नव्हते. दोघे फोनवर बोलायचे. भेट नव्हती.

"मले एकडाव तिच्या दाराशी ने," फकिरा म्हणायचा. "मंग काही मांगत नाही."

एवढेच त्याचे मागणे. आणि ते माझ्या पोटावर येऊन पडले.

तांड्याने मिनीबसला नाव दिले घरगाडी. फकिराची बायको मानीबाई हिने माझ्या पेटीसाठी आरसे आणि कवड्या लावलेले कापड शिवले आणि माझ्यावर पांघरले. जीवनने ते उचलले.

"याडी, तिले झाकू नको. चार्जिंगले लागली का तिले हवा लागते."

"उघडीच ठेवाची? पोरीची जात, अन् उघडी?"

"बॅटरी आहे ते."

"तूच तर तिले तिले करून राह्यला."

शेवटी कापड पेटीच्या बाजूला खिळ्यांनी लागले. मित्रांनो, त्या घरात आपसात गोरबोली, तांड्याची बोली, चालते. मी ऐकून ऐकून शिकले. तुम्हाला कळावे म्हणून वऱ्हाडीत सांगते आहे. "याडी" आणि "भिया" एवढे दोन शब्द तसेच ठेवले. याडी म्हणजे आई, भिया म्हणजे भाऊ.

पलंगासमोर, दाराच्या वर, एक छोटा दिवा होता. माझी हालत सांगणारा. जीवनने बापाला पलंगावर बसवून तो दाखवला.

"हे पाह्य बा. हिरवा आहे तवर मशीन बिनघोर चालू दे. पिवळा झाला का मले आवाज दे. मी इंजिन चालू करतो, नाहीतर ऊन पाह्यतो."

"अन् लाल झाला का?"

"लाल होऊ द्याचाच नाही."

मानीबाई म्हणाली, "म्हंजे रांजणासारखं आहे. अर्धा झाला का भरून ठेवाचा. तळाशी वाटी घासली का गढूळ येते."

"तसंच याडी."

फकिराने खाली वाकून पेटीवर हात ठेवला. त्याला वाकायला वेळ लागला. "आमचा आजा लदेणीचे बैल हाके," तो म्हणाला. "मीठ भरून. तो म्हने, बैलाले पेलते त्याच्या अर्धंच लादा, मंग तो गाव गाठून देते." मग म्हणाला, "हा बैल म्हातारा दिसते रे."

"तुयापेक्षा जवान आहे."

"मायापेक्षा तर रस्त्यावरचे बाभळीबी जवान आहे."

या माणसांना माझे सगळे कळले होते. रांजण कळला, बैल कळला. फक्त दिवा कळला नव्हता. आणि तो मला सांगता येत नव्हता.

दिवा माझे पोट बघत नाही. तो माझ्या दाराशी किती जोर आहे तेवढेच बघतो. वरून ऊन येत असले की तो हिरवा, मग मी अर्धी असले तरी. घास तोंडात असेपर्यंत कोणीही जेवलेला दिसतो. काम थांबवले की तो पुन्हा वर चढतो. धावत आलेला माणूस ओट्यावर टेकला की त्याला बरे वाटते. त्याने त्याच्या पुढची वाट कमी होत नाही.

हे मी किती वेळा म्हणाले असेन. पेटीत. अंधारात. माझे बोलणे म्हणजे खणांतले चार बुडबुडे.

वैशाखात आम्ही निघालो. इंजिन चालू असले की माझ्या आणि इंजिनाच्या बॅटरीच्या मधला खटका "टिक्" करतो आणि मलाही घास मिळतो. त्या वाटेवर मी खूप खाल्ले. फकिरा खिडकीशी बसून ओसाड शेते बघत होता. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून ढीग लावलेले. तो प्रत्येक जिनिंगच्या धुराड्याकडे बोट दाखवायचा आणि मानीबाई म्हणायची, "पाह्यलं पाह्यलं. बोलू नका."

सुखीबाईची खाट अंगणात आणून ठेवली होती. तिचा मुलगा संजय आणि सून पुष्पा दोन्ही बाजूंनी उभे होते. फकिरा लांब नळी ओढत गाडीतून उतरला. त्यांच्यात फार दिवसांनी भेटलेली बहीण भावाच्या गळ्यात पडून सुरात रडते. कोण गेले, कोण जन्मले, किती दिवस तू आला नाहीस, सगळे त्या सुरात येते. ऐकणाऱ्याने मध्ये मध्ये हुंकार द्यायचा असतो. सुखीबाई पडल्या पडल्याच रडली. भावाच्या मानेपर्यंत हात पोचेना म्हणून तिने नळी धरली. फकिराकडे हुंकार देण्याएवढा दम नव्हता. तो तिच्या हातावर थापट्या देत राहिला, जिथे हुंकार यायला हवा तिथे तिथे.

मी पेटीतून ते ऐकले. मशीन तेव्हा संजयच्या घरच्या प्लगवर होते. मी भरलेली होते. मला वाटले, माझे काम झाले.

दिवा हिरवा. खरा हिरवा.

संध्याकाळी वादळ आले. लिंबाची मोठी फांदी तारांवर पडली, दोन खांब वाकले आणि तांड्यातली वीज गेली. फकिराला गाडीत आणून पलंगावर निजवले, मशीन माझ्यावर लावले. जीवनने थोडा वेळ इंजिन चालवले, मग डिझेलचा काटा बघून बंद केले. मी पुढचे सगळे निभावले. पहाटे मी अर्धी होते.

ऊन वर आले. पट्टीतून घास येऊ लागला. दिवा हिरवा.

जीवनने पेटी उघडून माझी बुचे काढली. आत डोकावला आणि त्याचा चेहरा उतरला. खणांतले पाणी पत्र्यांच्या खाली गेले होते. नळाचे पाणी मला चालत नाही, विहिरीचेही नाही. डिस्टिल वॉटर लागते. ते नेरला मिळणार होते.

"बा, मी अन् संजू नेरले जाऊन येतो. बॅटरीचं पाणी आणतो, लाइनवाल्याले बी विचारतो. दिवा हिरवा आहे. गाडी उन्हातच राहू दे बरं. सावलीत लोटू नका."

"चावी तर तुयापाशीच राह्यते," फकिरा म्हणाला. "लोटतो कसा?"

ती जीवनची सवय. ड्रायव्हरकीच्या पहिल्या दिवसापासून चावी कमरेच्या गोफाला बांधलेली. झोपतानासुद्धा. गाडीची चावी दुसऱ्याच्या हाती देणारा ड्रायव्हर त्याला माणूस वाटत नसे.

मोटारसायकल गेली. तो माझ्यासाठीच गेला होता, मित्रांनो. माझ्या पाण्यासाठी.

पुष्पाने सासूची खाट गाडीच्या दाराशी आणली. गाडीच्या सावलीत खाट, खाटेवर बहीण. आत पलंगावर भाऊ. मध्ये दार उघडे. दोघांना एकमेकांचे चेहरे दिसत होते.

"भिया, तू लहानपणी मायी भाकर चोरून खाये."

"तूच... देये."

"मी देये? मी रडे."

"रडत रडत... देये."

सुखीबाई हसली. मग तिने आत हात घातला, गाडीचा पत्रा तिच्या बोटांना लागला आणि तिने हात मागे घेतला.

"पुष्पा, आत तर भट्टी पेटली वं. माया भाऊ भाजून राह्यला."

"जीवनभाऊ म्हनले, गाडी उन्हातच राहू द्या."

"राहू दे नं गाडी उन्हात. टप झाक."

हे इतके सरळ होते. आपल्याकडे वैशाखात पाण्याच्या माठाला ओले फडके गुंडाळतात, खिडकीत ओले पोते लावतात. उन्हात उभे राहणाऱ्यावर कोणीतरी काहीतरी ओले पांघरते. ती माया असते. पुष्पाने आणि शेजारच्या दोघींनी सरकीची रिकामी पोती हौदात बुडवली आणि बांबूने खालूनच टपावर चढवली. एकावर एक. मग पळसाच्या फांद्या. शिडी कोणी लावली नाही. खालून टपावरचे काही दिसत नाही.

घास थांबला.

मी आधी समजले, ढग आला. मग वरून पाण्याचा थेंब पेटीवर पडला, आणि मला कळले की ढग नाही.

आत मात्र खरेच गार झाले. फकिराने डोळे मिटले. "बरं वाटते," तो म्हणाला. सुखीबाईने बाहेरून हात जोडले, कोणाला ते मला दिसले नाही.

आता जे देत होते ते माझ्यातले होते. वर काही पडत नव्हते. मशीन सारखे पीत होते. मी आवाज केला, बुडबुड्यांचा. मशीनचा घुर्र आवाज त्याहून मोठा होता.

शेजारणी मोबाईल घेऊन आल्या. तांड्यात वीज नव्हती, कोणाचा मुलगा पुण्याला, कोणाचा नांदेडला.

"मामाजी, लावू का? एकच कांडी राह्यली."

"लावा," फकिरा म्हणाला. दाराशी आलेल्याला यजमानाने नाही म्हणू नये, आणि ती घरगाडी त्याचे घर होते. पुष्पाने छोटा पंखाही आणून लावला. त्याच्या पायांवर वारा जावा म्हणून.

दिवा पिवळा.

तो फक्त फकिराला दिसत होता. मानीबाई ओट्याशी पाठमोरी कांदा चिरत होती. बाकी सगळ्या बाहेर. त्याने तो पाहिला. मी शपथेवर सांगते, त्याने पाहिला. त्याने तोंड उघडले. पण बाहेर सुखीबाईने गाणे धरले होते, त्यांच्या आईचे, जात्यावरचे, आणि तिसऱ्या ओळीला ती अडखळली होती. ती ओळ तिला आठवेना. फकिराला आठवत होती.

त्याने दिव्याकडे पाहिले, बहिणीकडे पाहिले. मग मशीनचे बटन बंद केले. मशीनच्या आवाजात ओळ सांगता येईना. तुकड्या तुकड्यांत त्याने ती सांगितली. सुखीबाईने उचलली.

मशीन बंद झाल्याबरोबर माझा जोर वर आला. दिवा हिरवा.

फकिरा माझ्या पेटीकडे बघून हळूच म्हणाला, "बसली का दम येते तुले. मायासारखंच."

नाही हो. नाही. मला दम आला नाही. मी फक्त टेकले.

त्याने मशीन पुन्हा चालू केले. हिरवा. पिवळा. त्याने मान हलवली, जसे मला ओळखतो. त्याला वाटले असेल, आत्ता पुन्हा थोडे बसवू तिला. गाणे संपू दे.

लाल.

मशीनने बारीक शीळ घातली, एक, दोन, आणि थांबले. पंखा थांबला. मोबाईलची चित्रे विझली. गाणे थोडे पुढे गेले आणि मग तेही थांबले.

"काय झालं?" मानीबाई वळली. "अहो, काय झालं?"

फकिरा पलंगाच्या कडेला बसून दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून हवा ओढत होता. कापसाच्या धुळीतून वाट काढत. मानीबाई पदराने वारा घालू लागली. पुष्पाने जीवनला फोन लावला.

"मशीन बंद पडलं. मामाजींले दम लागला."

"दिवा कोणता आहे, वहिनी? दाराच्या वर पाह्य."

काम थांबले होते. मी टेकले होते. पुष्पाने खरे तेच सांगितले. "पिवळा."

"पिवळा असला तर चालते. बटन दाब."

मी एक जुनी बॅटरी आहे. शिशाच्या जाळ्या, सहा खण, आणि

शीळ. बंद.

"बंद झालं भाऊ."

"दिवा?"

"पिवळाच आहे नं."

"मंग काहून बंद पडते? परत दाब. वायर हलवून पाह्य."

मी एक जुनी बॅटरी

शीळ.

"वहिनी, मी निघालो. आलोच. ऊन लागून राह्यलं ना गाडीले?"

"हाव. गाडी उन्हातच आहे."

तेही खरे होते. त्या दुपारी कोणी खोटे बोलले नाही, मित्रांनो. दिव्यानेही नाही.

मी एक

बाहेर खाटेवरून सुखीबाईला आतले नीट दिसत नव्हते. भावाचे पाय दिसत होते आणि ते जमिनीवर घासत होते. तिला उठता येत नव्हते. ती खाटेची दोरी धरून ओरडली, "उकडून राह्यलं त्याले. पाणी टाक वं पुष्पा. पोते वाळले असन. अजूक पाणी टाक."

पुष्पाने बादल्या भरभरून टपावर पाणी फेकले. पोती पुन्हा जड झाली. पट्टीवर घट्ट चिकटली.

मी

मी

फकिराचे ओठ काळपट झाले होते. त्याने मानीबाईचा हात बाजूला केला आणि दिव्याकडे बोट केले. मग माझ्याकडे. ते तिला कळेना. तिने मला पाणी हवे आहे असे समजून, बैलाला पाजतात तसे, पेटीवर तांब्या ओतायला घेतला, आणि त्याने मान हलवली. मग त्याने बोट वर केले. टपाकडे. मानीबाईला वाटले देवाकडे. तिने डोळ्यांना पदर लावला.

एवढ्यात मोटारसायकलचा आवाज आला आणि वळणावरच थांबला. जीवनला तिथूनच टप दिसला होता. ओला, हिरवा, लग्नाच्या मांडवासारखा. तो मोटारसायकल संजयच्या अंगावर सोडून धावला. चढला, पळस ओढला, पोती फेकली. ऊन माझ्यावर आदळले. पण तळ लागलेल्या रांजणात एक लोटा पाणी पडून काय होणार? त्याने खाली उडी मारली, कमरेची चावी गोफासकट ओढली, गोफ तुटला. इंजिन उठले. टिक्.

मशीनने घुर्र केले. फकिराने नळी दोन्ही हातांनी नाकाशी दाबून धरली.

"नेरच्या दवाखान्यात," जीवन म्हणाला. "याडी, धर त्याले."

"मलेबी घ्या," सुखीबाई म्हणाली. "माया भाऊ जाऊन राह्यला, मलेबी घ्या." तिला उचलायला वेळ नव्हता. संजय आत चढला, दार लागले.

घरगाडी निघाली, आणि गाडीबरोबर तिची सावलीही गेली. मागे अंगणात, भर उन्हात, सुखीबाईची खाट राहिली. पुष्पा तिकडे धावत होती. तिच्या हातात एक ओले पोते होते.

फकिरा वाचला. दवाखान्यात त्याला मोठ्या नळकांड्याचा ऑक्सिजन लावला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या ओठांवर रंग आला. छातीत जी थोडी जागा उरली होती, तीही आता कमी झाली, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आता प्रवास नाही.

तिसऱ्या दिवशी त्याला परत घरगाडीत आणले. जीवन पलंगाशी उकिडवा बसला होता. तो रागाने धुमसत होता.

"कोनाची अक्कल ते पोते टाकाची? बा, सांग. मी आत्याले विचारतोच."

फकिराने त्याचे मनगट धरले. बोलायला त्याला वेळ लागला. मी सगळे ऐकले, कारण मी त्याच्या खालीच होते.

"तिले सांगू नको."

"काहून नाही सांगू? तिले समजलं पाह्यजे नं."

"तिले समजलं... तर ते मरून जाईन."

"मंग इचारलं तर काय सांगू? मशीन काहून बंद पडलं म्हनू?"

 फकिराने पलंगाखाली हात सोडला. बोटे पेटीला लागली, आरशांच्या कापडाला. त्याने टकटक केले.

"सांग," तो म्हणाला, "बॅटरी जुनी होती."

जीवनने फोन लावला. तो माझ्याकडे बघत नव्हता.

"आत्या. हो, बरा आहे. नाही नाही, तुमचं काही नाही. पोत्यानं तर उलट गार राह्यला तो. बॅटरी जुनी होती आत्या. दगा देल्ला तिनं."

आता कळले ना, मित्रांनो? माझे पहिले वाक्य. ते खरे आहे. पत्र्यांवर पांढरा थर होताच, खणांत पाणी नव्हतेच. जीवनने त्या दिवशी आणलेली डिस्टिल वॉटरची बाटली बूच न उघडता घरगाडीत लोळत होती. पण ते वाक्य खरे आहे म्हणून नाही सांगितले गेले. ते ठरवून सांगितले गेले. तांड्यात आता सगळे तेच सांगतात. पुष्पा सांगते, संजय सांगतो. मानीबाई सांगताना इकडेतिकडे बघते. आणि मी तुम्हालाही पहिल्याच ओळीत तेच सांगितले, कारण आता माझ्याही तोंडी ते बसले आहे.

त्या दुपारी मी तळापर्यंत गेले ती पुन्हा वर आलेच नाही. घरगाडीत नवी बॅटरी बसली. मी फुलसावंगीच्या तांड्यात फकिराच्या खाटेखाली आहे. मशीन आता भिंतीतल्या प्लगवर चालते आणि वीज गेली तर जीवन घरगाडी दाराशी आणून इंजिन चालू ठेवतो. चावी भिंतीवरच्या खिळ्याला लटकते. सगळ्यांच्या हाताला येईल अशी. टपावर तांबड्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: झाकू नये. खालून ते दिसत नाही.

भंगारवाला येतो. "बॅटऱ्या, शिसं" म्हणून ओरडतो. जीवन विचारतो, "बा, देऊन टाकू?"

"राहू दे."

"काय कामाची?"

"राहू दे म्हनलं नं."

रोज दिवस कलला की सुखीबाईचा फोन येतो. मानीबाई तो स्पीकरवर लावून उशाशी ठेवते. भाऊ कसा आहे हे विचारून झाले की ती माझ्यावर येते.

"त्या सटवीले फेकलं का नाही भिया?"

"कोनाले?"

"त्या बॅटरीले. मुडदा बसो तिचा. मी एवढं गार गार ठेवलतं तुले, अन् तिनं ऐन वक्ती घात केला."

फकिरा हसतो. हसताना त्याला खोकला येतो. खोकला थांबेपर्यंत ती थांबते. मग तो म्हणतो, "हाव सुखी. तू लय... गार ठेवलतं."

आणि खाटेखाली हात सोडून माझ्यावर दोन थापट्या देतो. जिथे हुंकार यायला हवा तिथे.

मित्रांनो, माझ्यासारख्या कोणाला तुम्ही घरात ठेवाल, तर खणांतले पाणी बघत जा. अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. दिवा हिरवा आहे एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. काम चालू असताना बघा, कामानंतर नाही. कोणावर मायेने काही पांघरावेसे वाटले, तर आधी शिडी लावा. वर चढून बघा, तिथे काय आहे ते.

आणि कधी नेरकडे गेलात, एखाद्या तांड्यात दाराशी खाट दिसली, खाटेवर म्हातारी दिसली आणि तिने तुम्हाला पाणी दिले, तर बसा, प्या. ती तिच्या भावाची गोष्ट सांगेल. त्यात मला शिव्या देईल. तिला दुरुस्त करू नका. हो म्हणा. बॅटरी जुनी होती म्हणा.

एवढा लोड मला अजून पेलतो.